हौद झाकताना

त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती, घाटावरचे दिवे विझले होते आणि कोल्हापुरात पहाटेच्या वेळी अंगावर शाल घ्यावी असे वाटू लागले होते. अशा एका सकाळी मी शेतावर गेले, तेव्हा मामा हौदाच्या कडेला उभे राहून पाण्याकडे पाहत होते. मामा म्हणजे वडिलांच्या काळापासून आमची शेती पाहणारे गृहस्थ; नात्याने मामा नाहीत, पण आम्ही त्यांना दुसरे काही म्हटलेले नाही. मला पाहताच ते म्हणाले, "ताई, पोरं आता शिमग्यापातूर काय पाण्यात उतरायची न्हाईत. हे पाणी उसाला सोडून देऊया की. साचून राहिलं की डासं होत्यात." त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. ज्या माणसाने रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून उसाला पाणी पाजले, त्याला एवढे पाणी निरुपयोगी उभे राहिलेले पाहवणार नाही, हे मला कळत होते. "नको मामा, ठेवूया," एवढेच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ते वैरण आणायला गेले. परंतु का ठेवायचे, हे मला त्या क्षणी त्यांना नीट सांगता आले नाही आणि ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस मनाला टोचत राहिली.

कळंब्याच्या पुढे, कात्यायनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमचे शेत आहे. तेथे गोठ्यामागच्या सपाट जागेवर आम्ही भाचरांना पोहण्यासाठी हा हौद उभा केला. तो जमिनीत खणलेला नाही. पंधरा फूट व्यासाचे, चार फूट उंचीचे पत्र्याचे गोल कडे, त्याला बाहेरून उभ्या पट्ट्यांचा आधार आणि आत निळ्या प्लास्टिकचे जाड अस्तर, असे त्याचे रूप आहे. साडेतीन फूट पाणी भरले की त्यात सुमारे साडेसतरा हजार लिटर मावतात, म्हणजे साडेसतरा टन वजन त्या पातळ पत्र्यामागे उभे असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पत्र्याने पाणी धरून ठेवले आहे. हे खरे आहेच, पण पाण्यानेही पत्रा धरून ठेवलेला असतो. आतून सर्व बाजूंनी सारखा दाब असतो म्हणून ते कडे ताठ आणि गोल राहते. पाणी काढून घेतले की भिंत अगदी हलकी होते, उघड्या माळावरच्या वाऱ्याने ती आत वाकू शकते, आणि अस्तर कोरडे पडून आकसते. एकदा आकसलेले अस्तर पुन्हा पाणी भरल्यावर कोपऱ्याशी ताणले जाते आणि जोडाजवळ फाटते. म्हणून असा हौद बंद करायचा, तो भरलेला ठेवूनच.

हे मला प्रथम सांगितले ते धाकट्या बहिणीने. ती अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते आणि तिच्या परसातही असाच, याहून थोडा मोठा हौद आहे. सप्टेंबर संपत आला की ती तो बंद करते. आपल्याकडे तेव्हा गणपती नाहीतर नवरात्र असते आणि घरात पाहुण्यांची वर्दळ असते, त्यामुळे तिचा फोन आला की मी तो गॅलरीत जाऊन घेते. ती फोन कुंपणाला टेकवून ठेवते आणि काम करता करता बोलते. पाणी काठावरच्या, पंपाकडे पाणी नेणाऱ्या झडपेच्या तोंडाखाली उतरवायचे, पंप आणि नळ्या सोडवून त्यांतला थेंबन्‌थेंब काढून त्या गॅरेजमध्ये न्यायच्या, शिडी उचलायची, पाण्याचा आम्लपणा आणि क्षार तपासून क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, मग पाण्याच्या मधोमध हवेची एक मोठी उशी तरंगत बांधायची आणि वरून जाड आच्छादन घालून ते तारेने कड्याभोवती आवळायचे, असा सगळा क्रम मी आजवर पाहून पाठ केला आहे. त्या उशीत हवा पूर्ण भरत नाहीत, थोडी ढिली ठेवतात. पाण्याचा बर्फ होताना त्याचा आकार सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो आणि बर्फाचा थर भिंतीवर बाहेरच्या बाजूने जोर करू लागतो. मधली उशी ढिली असली तर ती चेपते आणि वाढीला आतल्या बाजूला जागा मिळते. नळीत राहिलेले वाटीभर पाणीदेखील गोठून पंपाचे तोंड तडकवू शकते. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असते आणि त्याहून थंड पाणी वर राहते, म्हणून बर्फ वरून धरत जातो व तळाचे पाणी बर्फाखाली पाणी म्हणूनच राहते, हे आम्ही दोघींनी शाळेत शिकले होते. ते तिने परसात पाहिले.

"अक्का, तुमच्याकडे काय गोठतंय? तुला एवढं करायची गरजच नाही," असे ती म्हणाली.

तिचे म्हणणे अर्धे खरे होते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस अंशांचे ऊन असते. हौदाबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की पाण्याचे तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले की हौद बंद करावा, कारण त्यानंतर शेवाळाची वाढ जवळजवळ थांबते. मी सकाळ-दुपार तापमापक पाण्यात धरून पाहिला. आमच्या पाण्याचा तो दिवस उजाडतच नाही. भर पौषातही हात घातला तर पाणी गार लागते, आत उतरावेसे वाटत नाही, पोरांचे ओठ निळे पडतात. परंतु शेवाळाला ते पुरेसे उबदार असते. म्हणजे माणसाच्या दृष्टीने हिवाळा आला आणि शेवाळाच्या दृष्टीने तो आलाच नाही, अशी ही आपली अवस्था आहे. थंड देशात पाणी एकदा झाकले की ते मे महिन्यापर्यंत झोपून राहते. आपल्याकडचे पाणी झोपत नाही. त्यामुळे बहिणीपेक्षा मला कमी नव्हे, निराळे काम करावे लागणार होते, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. पाणी झडपेखाली उतरवण्याची गरज नाही, उलट पाणी झडपेच्या मध्यापर्यंत हवेच, कारण पंप अधूनमधून फिरवावा लागणार. नळ्या सोडवायच्या नाहीत. एवढे उमगल्यावर मग मी कामाला लागले.

पहिले काम काठ पुसण्याचे. पाण्याची पातळी जेथे अस्तराला टेकते तेथे सबंध गोलाला बोटभर रुंदीची पिवळट, चिकट कड धरलेली होती. तिच्यावर नख ओढले तेव्हा मऊ मेण निघाल्यासारखे ते निघाले आणि वास आला तो खोबरेल तेलाचा. आमच्याकडची पोरे डोक्याला तेल चोपडून पाण्यात उतरतात. आजीने सांगितलेले आहे की तेल लावले म्हणजे पाणी डोक्यात मुरत नाही. सबंध उन्हाळ्यातले आणि दिवाळीच्या सुट्टीतले ते तेल, त्यावर बसलेली धूळ आणि आंब्याच्या मोहोराचे सुकलेले कण त्या कडेत होते. घासणी किंवा भांड्याची पावडर लावली तर अस्तराला ओरखडे पडतात, म्हणून मऊ फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन मी ती कड पुसत गेले. गुडघे टेकून, हात पाण्यात बुडवून, वीतभर पुसायचे आणि वीतभर सरकायचे. हे काम करताना मला जितके समाधान लाभले तितके फार थोड्या कामांत लाभते. शिवाय त्याला एक मोठे कारणही आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी आपली अंडी पाण्यात मोकळी सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर काठाला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणजे मामांनी म्हटल्याप्रमाणे पाणी सोडून दिले असते तरी काठाला चिकटलेली अंडी तेथेच राहिली असती, आणि हौद पुन्हा भरून पाणी त्यांच्यापर्यंत चढताच त्यांचे डास झाले असते.

दुसरी गोष्ट काजळीची. बहिणीकडे हिवाळ्याच्या तोंडावर मेपलची पाने गळतात आणि ती एका दिवशी जाळीने काढून टाकता येतात. आमच्याकडे याच सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, ऊस तुटू लागतो आणि तुटलेल्या फडातली पाचट पेटवली जाते. पाचट जाळू नये, सरीत कुजू द्यावी, खोडव्याला तेच खत होते, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे आणि आमच्या शेतात आम्ही ती जाळतही नाही. पण काजळीला बांध नसतो. संध्याकाळी कुठेतरी दूर आकाश तांबूस होते, पाचट तडतडल्याचा आवाज येतो, आणि थोड्या वेळाने बोटाएवढी लांब काळी पिसे हवेतून सावकाश खाली येऊ लागतात. कोल्हापुरात वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, गच्चीवर ती पडलेली सर्वांनी पाहिली आहेत. पाण्यावर पडली की ती काही वेळ अखंड तरंगतात, त्यांवर उसाच्या पात्याच्या शिरासुद्धा दिसतात. चिमटीत धरायला जावे तर ती हातात येत नाहीत. बोटाला नुसता काळा डाग राहतो आणि उरलेली पूड पाण्यात पसरते. ती जाळीतून निघत नाही, गाळणीच्या वाळूत जाऊन बसते. म्हणून आमच्याकडे हौद थंडीच्या आकड्यावर नव्हे, परिसरातल्या पहिल्या फडाला कोयता लागण्याच्या आधी झाकला पाहिजे, हे माझे मत झाले आहे.

औषध घातले ते संध्याकाळी, कारण उन्हात क्लोरीन टिकत नाही. भर दुपारी घातलेला क्लोरीन काही तासांत बराचसा उडून जातो. दर लिटरला दहा मिलिग्रॅम असा बंदिस्तीचा डोस धरला, तर साडेसतरा हजार लिटरला 175 ग्रॅम क्लोरीन लागतो, आणि डब्यावरच्या पावडरीत तो 65 टक्के असेल तर सुमारे 270 ग्रॅम पावडर होते. बादलीत आधी पाणी घ्यायचे आणि मग पावडर टाकायची, उलट कधीही नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीनची औषधे कोरडी एकत्र करायची नाहीत, कारण त्यांचा भडका उडतो. आणि विरघळल्याशिवाय पावडर हौदात फेकायची नाही, नाहीतर ती तळाला बसते आणि अस्तराचा रंग तेथेच उडतो. बादलीतून तो ओळखीचा उग्र वास आला तेव्हा मला वडील आठवले. पावसाळा सुरू झाला की ते ग्रामपंचायतीतून टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पुडी आणत, ती पाण्यात कालवत आणि आमच्या विहिरीत चारही बाजूंनी ओतत. मग आम्हा बहिणींना काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायला लावत. पाणी पिवळे झाले की म्हणत, "झालं, आता प्या." आज मी हौदाच्या पाण्याचीही तीच परीक्षा घेते. पंप रात्रभर चालवून सकाळी पाहिले तेव्हा तळाचा अस्तराचा जोड स्वच्छ दिसत होता.

मग ताडपत्री. आपल्या बाजारात मिळणारी निळी ताडपत्री उजेड आत सोडते, आणि उजेड मिळाला की शेवाळ आलेच. म्हणून एका बाजूने काळी असलेली जाड ताडपत्री आणली आणि काळी बाजू खाली केली. झाकल्यामुळे आणखी एक लाभ होतो, तो असा की आत ऊन जात नसल्याने क्लोरीन कितीतरी अधिक दिवस टिकतो. पण ताडपत्री मधोमध झोल खाते. तेथे दव, पाऊस आणि पाने साचतात, आणि पाणी झाकण्यासाठी घातलेल्या आच्छादनावरच डासांचे बस्तान बसते. एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खात्याचे लोक घरोघरी येऊन सांगतात ते त्यासाठीच. येथे मला बहिणीची ती हवेची उशी आठवली. मामांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब काढून दिली. आम्ही ती ढिली न ठेवता टणक भरली, एकावर एक अशा दोन ट्यूबा बांधल्या आणि दोन्हीकडून दोरीने मधोमध रोखून धरल्या. त्यावरून ताडपत्री टाकली तेव्हा मध्ये उंचवटा आणि चोहीकडे उतार तयार झाला. वर ओतलेली पाण्याची कळशी सरळ कडेवरून खाली वाहून गेली. ताडपत्रीच्या कड्यांतून नायलॉनची दोरी ओवून ती भिंतीभोवती आवळली. काठावर दगड ठेवायचे मोहाने मनात आले तरी ठेवायचे नाहीत, पत्र्याची भिंत तसला भार घेण्यासाठी नसते. बहिणीची उशी बर्फाला जागा देण्यासाठी असते आणि आमची ट्यूब पावसाला बसू न देण्यासाठी. वस्तू तीच, जागा तीच, गरज वेगळी. मला यात फार आनंद वाटला.

शिडी मात्र मी स्वतः उचलून गोठ्यात उंच खुंटीला टांगली.

याबद्दल मला कोणाशी वाद घालायचा नाही. ताडपत्रीने झाकलेले पाणी उघड्या पाण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. वरून ती जमीन वाटते, आणि लहान मूल त्यावर चढले तर ते ताडपत्रीत गुंडाळले जाऊन खाली जाते. आवाजसुद्धा होत नाही. ऊसतोडणीच्या दिवसांत टोळ्या येतात, फडाच्या कडेला खोपी उभ्या राहतात, आईबाप पहाटेपासून कोयता चालवत असतात आणि त्यांची लहान मुले बांधाबांधाने फिरत असतात. ती आमच्या गोठ्यापाशी पाणी प्यायला येतात. चार फुटांची भिंत त्यांतल्या लहानग्यांना चढता येत नाही, पण शेजारी बादली किंवा कुट्टीचे पोते पडलेले असले तर येते. म्हणून हौदाभोवती चढण्याजोगे काहीही ठेवायचे नाही, हे मी मामांना, त्यांच्या सुनेला आणि टोळीच्या मुकादमालाही समोर उभे करून सांगितले.

हे सगळे झाल्यावर मी विहिरीकडे गेले. हौदापासून दीडशे पावलांवर आमची विहीर आहे, आणि खरे तर हौद आणावा लागला तो तिच्यामुळे. तिच्यातच वडिलांनी आम्हा दोघींना पोहायला शिकवले. आधी पाठीला वाळलेला भोपळा, मग पत्र्याचा बंद डबा, मग ट्यूब, आणि मग एका दुपारी काहीच नाही. वडील पायऱ्यांवर उभे असत आणि हात पुढे धरत. आम्ही जवळ आलो की एक पाऊल मागे सरत. बहिणीने सूर मारायला शिकले त्या कठड्याचा दगड अजून आहे. पुढे नदीवरून पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन आली, उसाला भरपूर पाणी मिळू लागले आणि विहिरीवरची मोटर निघाली. विहिरीचे पाणी कोणी उपसेनासे झाले. उपसा होता तोवर रोज जुने पाणी जाऊन झऱ्यांतून नवे येत होते. तो थांबला तशी ती हिरवी झाली, मग तिच्यावर केंदाळ आले, मग पारवे, मग कोणी कोणी टाकलेल्या बाटल्या. रंकाळ्याचे पाणी दाट हिरवे झाले होते ते दिवस कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. तेथे सांडपाणी कारण होते. आमच्या विहिरीत कोणी सांडपाणी सोडले नव्हते. तिच्याकडे कोणाचे काम उरले नव्हते, एवढेच कारण पुरले. जलतरणपटू वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला गेला आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून म्हटले होते, "आपल्या कोल्हापूरचा पोरगा. विहीर साफ करायला पाहिजे." ते राहून गेले, आणि मग वडील गेले.

मामांना द्यायचे उत्तर मला त्या कठड्यापाशी मिळाले. वापर बंद झाला म्हणून पाण्याकडचे लक्ष बंद केले, की काय होते हे आमच्या डोळ्यांपुढे उभे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विहिरीपाशीच घेऊन गेले आणि म्हणाले, "मामा, हौदाचं पाणी सोडलं तर पुढच्या वर्षी हौद राहणार नाही. नुसतं ठेवलं तर त्याची ही विहीर होईल. म्हणून राखायचं आहे." मामा बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "राखायचंच म्हणता, तर मग हिला का सोडलीया?"

मला त्यांचा हा प्रश्न पूर्णपणे मान्य झाला.

आता दर आठवड्याला मामा ताडपत्रीची एक बाजू सोडतात, ओटीचे थेंब टाकून रंग पाहतात, पाणी फिके पिवळे दिसले तर मला फोन करतात, आणि सकाळी दोन तास पंप चालवतात. गाळणी उलटी धुताना जे पाणी बाहेर पडते ते पिंपात भरून काही दिवस उन्हात उघडे ठेवायचे आणि क्लोरीन उडाला की नारळाच्या आळ्यात सोडायचे, अशी तडजोडही आम्ही केली आहे. बहिणीशी बोलणे झाले. तिच्याकडे बर्फ धरला आहे आणि तिला विहिरीचे छायाचित्र पाहिजे होते. मी ते पाठवले तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही, मग खर्च निम्मा निम्मा करूया म्हणाली. यारीने विहिरींचा गाळ उपसणाऱ्या यारीवाल्याला मामांनी विहीर दाखवून आणली आहे. त्याच्या मते गाळ दोन पुरुष तरी असावा, कठड्याचे चार दगड नव्याने बसवावे लागतील आणि पूर्वेकडच्या पायऱ्या वाचतील. एप्रिलमध्ये पाणी खाली गेले की तो यारी उभी करणार आहे. त्याआधी केंदाळ काढण्यासाठी संक्रांतीनंतरचा आठवडा आम्ही ठरवला आहे, आणि गाळ निघाल्यावर विहिरीत सोडायला गप्पी मासे आरोग्य केंद्रातून मिळतील का, ते विचारायला मी या सोमवारी जाणार आहे.